राजीनामा आणि माझी मिशी

नाटकात मी आजवर झाडं केली आहेत, दासी केल्या आहेत आणि एकदा विंगेत बसून कोल्हेकुई केली आहे. ती कुई इतकी अस्सल निघाली की रस्त्यावरच्या सगळ्या कुत्र्यांनी पुढच्या दोन प्रवेशांना साथ दिली. पण मिशी काही मला मिळाली नाही. पन्नाशी उलटली तरी मिळाली नाही. आता कुणी म्हणेल, बाईला मिशी कशाला हवी? असं विचारणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी सहा सहा ओळींच्या दासीचं काम केलेलं नसतं.

ही मिशी खातीपुऱ्यात राहत होती, एका कुंकवाच्या करंड्यात.

हे नीट सांगायला हवं. जयपुरातलं आमचं मराठी मंडळ म्हणजे एका नावाखाली नांदणारे दोन प्रांत आहेत. एक खातीपुऱ्याचा, म्हणजे फौजेतल्या आणि फौजेतून निवृत्त होऊन तिथेच घरं बांधलेल्या लोकांचा. दुसरा जवाहर नगरचा, म्हणजे आमचा. आम्ही बँकवाले, विमावाले, बदलीवर आलेले आणि पुढची बदली येईपर्यंत "यंदा जाऊच" म्हणत राहिलेले. त्यांच्याकडे शिस्त होती आणि आमच्याकडे गच्ची. गच्ची आमच्याच घराची, आणि मोठी. त्यामुळे मंडळाचा झाडून प्रत्येक कार्यक्रम तिथेच व्हायचा. खातीपुरा शहराच्या एका टोकाला, जवाहर नगर दुसऱ्या टोकाला. ते बिचारे दर वेळी अख्खं जयपूर ओलांडून यायचे, आणि आम्ही चपला न घालता जिना चढायचो.

खातीपुऱ्याचे पुढारी म्हणजे निवृत्त सुभेदारसाहेब. मूळचे साताऱ्याकडचे. मंडळाचे अध्यक्षही तेच. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळेच काकू म्हणतो. काकू दर वर्षी पाडव्याला एक ऐतिहासिक नाटक लिहितात आणि बसवतात. त्यातल्या लढाया इतिहासात कुठेही झालेल्या नाहीत, पण जखमा सगळ्या खऱ्या असतात. नाटकाचं सामान काकूंकडे, मिशीही काकूंकडे. मिशी चुरगळू नये म्हणून त्यांनी ती करंड्यात ठेवलेली. त्यामुळे तिच्या कडेला कायमची लाली आली होती. लांबून पाहिलं की सरदार नुकताच पान खाऊन आलाय असं वाटायचं.

तर संक्रांतीची गोष्ट. जयपूरची संक्रांत म्हणजे सकाळपासून सगळं गाव गच्चीवर. चहूकडे पतंग, चहूकडे भोंगे, आणि कुणाचा पतंग कापला की सगळ्या मोहल्ल्याची एकच आरोळी, "वो काटा!" आमचं मंडळही त्या दिवशी गच्चीवर तिळगूळ करतं. पण नुसतं गोड बोलून बोलणार किती? म्हणून या खेपेला माझ्या नवऱ्याने टूम काढली की आपण अभिरूप संसद भरवू. माझा नवरा बँकेत अधिकारी, मूळचा नागपूरचा, मंडळाचा सचिव. त्याला ठराव या गोष्टीचं वेड आहे. भाजी कोणती करायची हेही तो घरात मांडतो, पुष्टी देतो आणि मग वांगीच आणतो.

ठराव त्याने मोठा झकास लिहिला होता: आपल्या देशाने शेजारी देशांच्या गटातून बाहेर पडावं आणि आपलं परराष्ट्र धोरण नव्याने आखावं. खातीपुरा सरकार पक्ष, जवाहर नगर विरोधी पक्ष. सुभेदारसाहेब पंतप्रधान, माझा नवरा विरोधी पक्षनेता. सभापती मी, कारण देवघरातली घंटा माझी होती.

सभा सुरू व्हायच्या आधी काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. तिळगुळाच्या डब्याआडून त्या कुजबुजल्या, "यंदाचा सरदार तुला दिलाय."

मी हातातला डबा खाली ठेवला. "मिशीसकट?"

"मिशीबगार सरदार व्हतोय व्हय? पर ऐक. आमच्या ह्यांच्या डोक्यात निराळंच चाललंय. म्हणत्यात, दर वेळी आपुनच काय म्हणून जायाचं? खातीपुऱ्याचं सवतं मंडळ काढू. आन सवतं निघालं तर सरदार खातीपुऱ्याचाच घ्यावा लागंल. माझा विलाज न्हाई."

म्हणजे बघा! तिकडे देशाने गटात राहावं की नाही हा प्रश्न होता, आणि इकडे माझ्या ओठावर मिशी राहावी की नाही हा. मी मनाशी ठरवलं की आज गच्चीवर काहीही फुटलं तरी चालेल, मंडळ फुटता कामा नये. सभापती निःपक्षपाती असतो म्हणतात. असेल. मी नव्हते.

घंटा वाजवून मी सभा सुरू केली. सुभेदारसाहेब उठले. ते नुसते उठत नाहीत, आधी सावधान होतात.

"सभापती बाई," ते म्हणाले, "हा गट म्हंजी हाय तरी काय? एकाच्याच दारात बैठक. तो आपला गादीवर बसून चा पिणार, आन दुसऱ्यानं पेट्रोल जाळत यायाचं! असल्या गटात ऱ्हाऊन फायदा?"

"पंतप्रधानांनी शेजारी देशांबद्दल बोलावं," मी बजावलं.

"मी तेच बोलतोय की!"

"वो काटा!" पलीकडच्या गच्चीवरून पुष्टी आली.

माझा नवरा चष्मा पुसत उठला. "मला पंतप्रधानांना एक विचारायचं आहे जी. ज्या गटाची बैठकच वर्षानुवर्षं होत नाही, त्याच्यातून बाहेर पडता कसं? दार उघडंच नाही तर बाहेर निघान कुठून? खिडकीतून?"

विरोधी बाकांवरून, म्हणजे आमच्या सतरंजीवरून, टाळ्या पडल्या.

"दार उघडत न्हाई म्हंजीच घरच मोडकं हाय," सुभेदारसाहेब गरजले. "आमच्या नव्या धोरणात ज्याच्या त्याच्या दारात पाळीपाळीनं बैठक! आन चा बी त्याचाच!"

"हे धोरण आहे का चहाचा बंदोबस्त?"

"वो काटा!"

तेवढ्यात मी घंटा वाजवली आणि परराष्ट्रमंत्र्यांना बोलायला सांगितलं, कारण पंतप्रधानांची मान लाल होऊ लागली होती. परराष्ट्रमंत्री म्हणजे सुभेदारसाहेबांची मुलगी. जन्म जयपूरचा, शाळा हिंदी, आणि आता जयपूरच्याच कोर्टात वकील. पोरगी गोड आणि कामाला वाघ. पण तिचं मराठी म्हणजे अर्धी वाट घरातल्या साताऱ्याची, अर्धी कोर्टातल्या हिंदीची, आणि मध्ये खड्डा. बिचारीने भाषण मात्र मन लावून तयार केलं होतं.

"माननीय सभापतीजी," ती म्हणाली, "आम्ही शेजारी देशांसोबत मैत्रीची खूप चेष्टा केली."

सतरंजीवर खसखस पिकली. तिला कळेना.

"अजून पण आम्ही रोज चेष्टा करतो. आमची चेष्टा कधी थांबली नाही."

"हे मात्र सरकारनं कबूल केलं!" माझा नवरा ओरडला.

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मी तिच्या कानात सांगेपर्यंत ती पुढच्या मुद्द्यावर गेली होती. "आणि नवीन धोरणात आम्ही शेजारी देशांच्या सगळ्या मुलांना इथे बोलावून मोफत शिक्षा देऊ!"

आता मात्र गच्ची कोसळली. एक विमावाले शेजारच्या वहिनींना म्हणाले, "पोरांनी काय घोडं मारलंय यांचं?" पोरगी आधी गोरीमोरी झाली, मग तिला स्वतःलाच हसू आलं. "मतलब शिक्षण! शिक्षण हो काका! तुमच्या मराठीत शाळेत जातात का मार खायला?"

"आमच्या वेळेला जायचो," सुभेदारसाहेब म्हणाले, आणि तेही हसले. मला वाटलं, सुटलो. मिशी वाचली.

पण माझ्या नवऱ्याला जिंकत आलेला डाव सोडवत नाही. तो उभा राहिला, स्वेटर खाली ओढला आणि म्हणाला, "सुभेदारसाहेब, खातीपुऱ्याला वेगळं व्हायचं असंन तर सरळ सांगा ना जी. देशाच्या आडून कायले बोलता?"

गच्चीवर उचललेले कप उचललेलेच राहिले. पतंगसुद्धा हवेत थबकल्यासारखे वाटले.

सुभेदारसाहेब पुन्हा सावधान झाले. "आडून? आजवर सुभेदार आडून बोललेला न्हाई. मग ऐका उघड. आमचं मंडळ आजपासून सवतं!"

माझ्या डोळ्यांसमोरून मिशी गेली. खरंच गेली. लालसर कडेची, दोन्ही टोकं वर केलेली, करंड्यात बसून निघून गेली. मी जिवाच्या आकांताने घंटा वाजवली. इतकी वाजवली की आतला लोलक सुटला आणि समोरच्या तिळगुळाच्या परातीत जाऊन रुतला. तो काढायलाही कुणी हललं नाही. खातीपुरा उभा होता, जवाहर नगर उभं होतं, आणि मी मुकी घंटा हलवत होते.

तेव्हा पोरगी पुढे आली. दोन्ही सतरंज्यांच्या मध्ये उभी राहिली. आवाज एकदम वेगळा. कोर्टात असाच लावत असणार.

"बाबा, बस झालं. काका, तुम्हीपण. असं भांडण वाढवायचं नाही. माझं ऐकाल? आत्ताच्या आत्ता राजीनामा करून टाका. दोघांनी. सगळ्यांच्या समोर."

"वो काटा!" कुठेतरी लांब.

सुभेदारसाहेबांचा चेहरा पाहवत नव्हता. पोटच्या पोरीने भर सभेत बापाचा राजीनामा मागितला! पण फौजी माणूस. मान ताठ ठेवून म्हणाले, "माझी लेक म्हणती त्ये खरं. दिला. पंतप्रधान म्हणून दिला, आन मंडळाचा अध्यक्ष म्हणून बी दिला."

आता माझा नवरा मागे राहतो होय? "मग मीही देतो! सचिवपदाचा देतो आणि विरोधी पक्षनेतेपदाचाही देतो!"

विरोधी पक्षनेत्याने राजीनामा दिल्याचं पाहून गच्चीला काय झालं कुणास ठाऊक. सोवळ्यातला माणूसही गर्दीत टाळ्या वाजवू लागतो, तसं झालं. चहापान समितीच्या वहिनींनी किटली खाली ठेवून राजीनामा दिला. सतरंजी प्रमुखांनी सतरंजीवर बसूनच दिला. पेटीवाल्यांकडे कुठलंही पद नव्हतं, त्यांना वाईट वाटलं, म्हणून त्यांनी पेटीचा दिला. "मीही!" "माझाही लिहून घ्या!" बघता बघता त्या गच्चीवर पदावर उरलेली मी एकटी. हातात बिनलोलकाची घंटा.

आणि पोरगी? ती टाळ्या वाजवत होती! डोळे भरून आलेले. "किती छान! सगळे तयार झाले! मला वाटलं नव्हतं, बाबा इतक्या लवकर मानतील!"

सुभेदारसाहेबांनी मान फिरवली. काकूंनी पदराने नाक पुसलं.

इतक्यात शेजारच्या गच्चीवरच्या भाभीजी कठड्याशी आल्या. त्या मूळच्या जयपूरच्या, सकाळपासून आमची संसद पतंगांपेक्षा जास्त आवडीने बघत होत्या. मराठी त्यांना कळत नाही, पण भांडण कुठल्याही भाषेतलं कळतं. त्यांनी हाताने मला खुणावलं. "राजीनामा हो गया?"

मी मान हलवली. काय करणार? झाला होता.

"सबका?"

"सबका."

"अरे वाह! बधाई हो जी, बधाई हो!" आणि आत जाऊन त्या फीणीचं ताट घेऊन आल्या. संक्रांतीला जयपुरात घरोघरी असते ती, आपल्या सुतरफेणीची बहीण. ताट कठड्यावरून आमच्या हातात दिलं. "ऐसे मौके पर मुँह मीठा करते हैं. बड़े-बड़े झगड़े देखे, इतनी जल्दी राजीनामा किसी का नहीं हुआ!"

माझा नवरा हळूच माझ्याजवळ आला. "काय ग बाप्पा, इतकी वर्षं शेजार केला, आणि ह्या बाईला आपण पद सोडलं त्याचा एवढा आनंद?"

मला मात्र काहीतरी खटकलं. मी पोरीला जवळ बोलावलं. "बाळ, तू बाबांना काय करायला सांगितलंस?"

"राजीनामा, काकी. आमच्याकडे कोर्टात रोज होतो. मतलब, दोन्ही पार्टी राजी झाल्या, शर्ती ठरल्या, सही केली, केस खतम. दोघं हात मिळवून घरी जातात."

"आणि पद सोडतात त्याला?"

"तो इस्तीफा." मग तिने एकेकाचे चेहरे पाहिले. किटली खाली ठेवलेल्या वहिनी. पेटीला पाठ करून बसलेले पेटीवाले. ताठ मानेने क्षितिजाकडे बघणारे तिचे बाबा. तिचा हात तोंडाकडे गेला. "तुम्ही... तुम्ही सगळ्यांनी इस्तीफा दिला?"

पहिल्या हसल्या काकू. त्या हसल्या की आधी नुसत्या हलतात, आवाज नंतर येतो. "आवो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "लेक म्हणतीय गळ्यात गळा घाला, आन तुमी टोपी उतरवून बसलासा!" मग जे हसू सुटलं ते दोन्ही सतरंज्यांवरून फिरून भाभीजींच्या गच्चीवर गेलं. भाभीजींना कुणीच काही सांगितलं नव्हतं, तरी त्या सगळ्यांत जास्त हसल्या.

आता इथे संपायला हवं होतं. पण सुभेदारसाहेब म्हणाले, "दिलेला शब्द म्या माघारी घेत न्हाई." आणि माझा नवरा म्हणाला, "प्रक्रिया आहे. राजीनामा दिला की तो स्वीकारावा लागतो, नाहीतर नामंजूर करावा लागतो. असा हवेत लटकत नाही ठेवता येत."

"कुणी स्वीकारायचा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मंडळी, असा प्रवेश माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो. मी पदर खोचला. तिळगुळाचा डाव उचलून मुक्या घंटेवर हाणला. टण्ण!

"या सभागृहात दिलेले सर्व राजीनामे मी स्वीकारते," मी म्हणाले.

सगळे हबकले. नवऱ्याच्या हातातली फीणी हातातच राहिली. मी थांबले. किती थांबायचं हे मला कोल्हेकुईपासून कळतं.

"परंतु! हे सभागृह जयपुरात आहे. शेजार जयपूरचा आहे. तोंडही जयपूरच्या फीणीने गोड झालेलं आहे. सबब हे राजीनामे मी जयपूरच्या अर्थानेच स्वीकारते!"

टाळ्या! माझ्या सगळ्या झाडांना मिळून पडल्या नव्हत्या तेवढ्या टाळ्या. सुभेदारसाहेबांनी माझ्या नवऱ्याचा हात असा धरला की तो नंतर दोन दिवस डाव्या हाताने जेवला.

पण पोरगी वकील पडली. "असं नाही चालत. राजीनाम्यात शर्ती लागतात," म्हणाली.

शर्ती सुरू झाल्या. एक कार्यक्रम जवाहर नगरला, पुढचा खातीपुऱ्याला. कबूल. ज्याच्या दारात कार्यक्रम, चहा त्याचा. कबूल. पाडव्याचं नाटक खातीपुऱ्यात. हेही कबूल. मग सुभेदारसाहेबांनी घसा साफ केला.

"आन सरदार आमचा."

"कबूल!" कोण म्हणालं असेल? माझा नवरा! तोंडात फीणी भरून! सात जन्मांचा सोबती!

मी काकूंकडे पाहिलं. काय होतं त्या नजरेत ते काकूच जाणोत, कारण त्या म्हणाल्या, "थांबा जरा. नाटक माझं हाय. माझ्या नाटकात सरदार पयल्याच अंकात मरतोय."

"कधीपासून?" सुभेदारसाहेबांनी विचारलं.

"आत्तापासून. मंग त्याचा धाकला भाऊ सूड घेतोय. मरायचा सरदार जवाहर नगरचा, आन सुडाचा खातीपुऱ्याचा. मिशी एकच हाय. ही मेली की तुमी लावा."

दोन्ही पक्ष राजी झाले. राजीनामा पुरा झाला. शेजारी देशांच्या गटाचं काय झालं विचाराल तर त्या ठरावावर मतदान राहूनच गेलं. तो अजून आमच्या गच्चीवर आहे. ना आत, ना बाहेर.

पाडव्याला आम्ही जवाहर नगरवाले पहिल्यांदा खातीपुऱ्याला निघालो. वाटेत दोनदा चुकलो, रेल्वे फाटकाशी ताटकळलो, आणि माझा नवरा उतरता उतरता म्हणाला, "फारच लांब आहे जी हे." सुभेदारसाहेब दारातच उभे होते. त्यांनी फक्त चहाचा कप पुढे केला.

आणि मग मिशी! काकूंनी करंडा उघडला, डिंक लावला, आणि ती माझ्या ओठावर बसवली. कुंकवाचा आणि जुन्या डिंकाचा वास. आरशात मी नव्हतेच, माझे आजोबा होते, आणि ते फार खूश दिसत होते.

पहिल्या अंकाच्या शेवटी मला बाण लागला. काकूंच्या संहितेत पुढे एकच शब्द होता: मरतो. पण मरण किती चालवायचं हे कुठे लिहिलं होतं? मी आधी गुडघ्यावर आले. मग उठून आईला हाक मारली. मग घोड्याला मारली. घोडा नाटकात नव्हता. मग पडले, टाळ्या पडल्या, म्हणून शत्रूला क्षमा करायला पुन्हा उठले. विंगेत सुभेदारसाहेब अंगरखा, पगडी, तलवार, सगळं चढवून उभे, आणि ओठ सपाट.

"मर की आता!" ते दातओठ खात कुजबुजले.

मी जवाहर नगरला निरोप दिला. मी खातीपुऱ्याला निरोप दिला. एका बाजूने मिशी सुटून लोंबायला लागली, ती मी हाताने धरून क्षितिजाकडे पाहिलं.

मग दुसऱ्या विंगेतून पोरीचा आवाज आला. "काकी, प्लीज, आता राजीनामा करा ना!"

कुठल्या अर्थाने, हे विचारायची सोय नव्हती. मी दोन्ही अर्थांनी केला. डोळे मिटले आणि आडवी झाले.

सुभेदारसाहेब धावत आले, माझ्यावर ओणवे झाले आणि "दादा! दादा!" असा टाहो फोडला. लोकांना वाटलं, धाकटा भाऊ थोरल्याच्या चेहऱ्यावरून शेवटचा हात फिरवतोय. पण त्यांनी मिशीचं टोक चिमटीत धरलं आणि ती सर्रकन ओढली.

आणि तिसऱ्या रांगेतून माझा नवरा, इतकी वर्षं जयपुरात काढलेला माणूस, जागेवरून उठून बेंबीच्या देठापासून ओरडला,

"वो काटा!"